आमच्या सातबाऱ्यावरचं तिसरं नाव

ज्या घराला शेत आहे पण शेती करणारं कोणी नाही, त्या घरात एकच पीक हमखास येतं. किश्शांचं! पाऊस कमी पडो, जास्त पडो, हे पीक जोरात. दोन नातेवाईक बसले की एक किस्सा, तिसरा आला की दुसरा, आणि मोजणीवाला आला तर मग काही विचारूच नका.

माझं औरंगपुऱ्यात टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. वाटणीपत्र, हक्कसोड, प्रतिज्ञापत्र, सांगाल ते टाईप करून देतो. दोन भाऊ एका स्कूटरवर येतात आणि वाटणीपत्राची दुसरी प्रत निघेपर्यंत त्यातला एक रिक्षानं परत जातो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. गिऱ्हाईकांचे किस्से पुष्कळ आहेत, पण ते त्यांचे त्यांच्याकडे. आणि खरं सांगू, सगळ्यात चांगला माल माझ्या स्वतःच्या घरात आहे.

आमचं खुलताबादजवळ सहा एकर रान आहे. आजोबांनी आधी रस्त्याच्या कामावर खडी फोडून आणि मग गवंडीकाम करून, तुकड्या-तुकड्यानं घेतलेलं. त्यांना मुलं तीन. थोरले नाना, सरकारी नोकरीतून रिटायर झालेले. मधले माझे वडील, ते आता नाहीत. आणि धाकटी कौसाआत्या. आजोबा गेले तेव्हा सातबाऱ्यावर वारस म्हणून दोनच नावं लागली, नानांचं आणि माझ्या वडिलांचं. तिसरं नाव लावायचं कोणाला सुचलंच नाही. पुढं वडिलांच्या जागी माझं लागलं, तेव्हाही सुचलं नाही.

आत्याचं म्हणणं साधं होतं. त्या रानातली विहीर खणली तेव्हा ती दहा वर्षांची होती आणि मुरमाची घमेली तिनं डोक्यावरून वाहिलेली. नाना तेव्हा शहरात होस्टेलवर शिकत होते. "मला रान इकायचं नाय, बांधून कुठं न्यायचं नाय. माझ्या बापाच्या रानावर माझं नाव पायजे, बस," असं ती दरवर्षी म्हणायची. आणि दरवर्षी आम्ही म्हणायचो, "हो हो, बघू." आम्ही म्हणजे मी पण! जगाचे कागद टाईप करणारा मी. लाज वाटते, पण खरं आहे ते.

*

रान आम्ही ठोक्यानं देतो. म्हणजे वर्षाची रक्कम आणि दोन-चार पोती धान्य आधीच ठरवायचं, बाकी पीक करणाऱ्याचं. आम्ही बौद्ध, त्यामुळे पाडवा सण म्हणून करत नाही. पण खेड्यात शेतीचं साल पाडव्याला संपतं, त्याला आपण काय करणार? म्हणून दर पाडव्याला नानांच्या गारखेड्यातल्या फ्लॅटवर आमची बैठक बसते.

अकरा वर्षांपूर्वी नवा माणूस बघायचा होता. नानांचा मुलगा प्रशांत पुण्यात कंप्युटरच्या कंपनीत आहे. तो म्हणाला, "बाबा, प्रॉपर इंटरव्ह्यू घ्या." त्यानं प्रश्न पण लिहून पाठवले. नाना चष्मा लावून, वही उघडून बसले. समोर खुलताबादचे युनूसभाई, टोपी हातात धरून.

"अनुभव किती?" नानांनी विचारलं.

"चालीस साल," युनूसभाई म्हणाले. "और आपको?"

नानांनी वहीत फक्त चाळीस लिहिलं आणि पुढच्या प्रश्नावर गेले. "पुढच्या पाच वर्षांत तुम्ही स्वतःला कुठं बघता?"

युनूसभाई गोंधळले. माझ्याकडे बघितलं, पंख्याकडे बघितलं. "पाँच साल के बाद? इदरीच नाना, तुमारे खेत में. तुम किदर रहेंगे?"

नाना तेव्हा सत्तरीच्या घरात होते. त्यांनी वही मिटली.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आत्याचा आवाज आला, "भाई, आमच्या खालच्या तुकड्यात पाणी कवा साचतं?"

"पोळे के आसपास, आपा. उसके पैलेच चर मारना पडता. नै तो कपास गई."

"ह्यालाच द्या," आत्या म्हणाली आणि भाकरी उलटायला आत गेली. तेव्हापासून युनूसभाई काहीही विचारायचं असलं की तिलाच फोन करतात. ठोक्याचे पैसे तेवढे नानांना आणि मला देतात!

*

नानांना आयुष्यात एकाच गोष्टीची भीती. कसणारा म्हणून युनूसभाई कूळ लागतील आणि कायद्यानं रान जाईल! म्हणून कशावरही त्यांचं नाव येऊ द्यायचं नाही. विहिरीवरच्या मोटारीची पावती नानांच्या नावानं. खताची पावती नानांच्या नावानं. एकदा युनूसभाईंच्या नातवानं पंपाच्या खोलीवर खडूनं स्वतःचं नाव लिहिलं, तर नाना गारखेड्याहून रिक्षा करून पुसायला गेले. रिक्षावाला म्हणे अजून तो किस्सा सांगतो.

एका दिवाळीला काकूंनी नानांचा जुना राखाडी सफारी युनूसभाईंना दिला. महिन्याभरानं आम्ही सगळे रानात गेलो. बघतो तर ज्वारीच्या मधोमध नाना उभे! सफारी तोच, खिशाला पेन तसंच, डोक्यावर मडकं. एक हात रस्त्याकडे केलेला.

नाना लाल झाले. "युनूसभाई, हे काय?"

"नाना, गुस्सा नक्को करो," युनूसभाई हात जोडून म्हणाले. "कागज पे तो मेरा नाम आनेच नै देते तुम. मैं सोचा, खेत में बी तुमकोच खडा कर देतूँ. अब रात-दिन कब्जा तुमाराच!"

नानांनी जरा विचार केला. मग बुजगावण्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. तो फोटो त्यांनी जमिनीच्या फायलीत लावलाय, मी पाहिलाय.

*

आता पिकाची नोंद मोबाईलवरून करावी लागते. शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, मग नोंद होते. त्या साली युनूसभाईंच्या घरात लग्न होतं आणि शेवटची तारीख जवळ आलेली. मी म्हणालो, "नाना, चला, मी नेतो." नाना म्हणाले, "ऊन फार आहे. मी करतो इथूनच."

गॅलरीत काकूंनी कुंडीत तुरीचं एक रोप लावलेलं होतं, शेंगा धरलेलं. नानांनी कुंडी कठड्यावर ठेवली, मागची बिल्डिंग दिसू नये म्हणून काकूंना हिरवी चादर धरून उभं केलं आणि फोटो काढला. मोबाईलनं लगेच सांगितलं, तुम्ही तुमच्या शेतापासून पंचवीस किलोमीटर दूर आहात.

नानांनी मोबाईल उलटा ठेवला. "सरकारनं माणसाच्या गॅलरीत डोकवायचं काही कारण आहे का?" त्यांनी मला विचारलं. काकू चादर धरून तशाच उभ्या होत्या.

शेवटी फोटो काढायला कोण गेलं? आत्या. फुलंब्रीकडच्या तिच्या सासरच्या गावाहून दोन एसट्या बदलून. आणि नोंद झाली ती नानांच्या नावानं! घरी आल्यावर तिनं मला विचारलं, "मिल्या, त्या मोबाईलला मी दिसले रं. तलाठ्याला कवा दिसणार?"

*

प्रशांतला मधे शेतीचं वेड लागलं. पुण्याहून महिन्याच्या महिन्याला गाडी घेऊन यायचा, मोबाईलवरच्या नकाशात खूण केलेली, थेट तिथं जाऊन उतरायचा. टोपी, गॉगल, मातीत बसून फोटो. ग्रुपवर टाकायचा, खाली लिहायचा, "माझी माती." आम्ही अंगठे द्यायचो. त्यानं केशर आंब्याची बारा रोपं लावली. ठिबक केलं. प्रत्येक रोपाला घरातल्या एकेकाचं नाव दिलं. मी उत्तरेकडून तिसरा होतो.

दोन वर्षांनी मोजणी आली. मोजणीवाल्यांनी सकाळपासून खुणा टाकल्या आणि प्रशांतनं अभिमानानं सांगितलं, "आंबे आपल्या हद्दीत घ्या बरं का नीट."

मोजणीवाला म्हणाला, "कोणते आंबे? ते तर शेजाऱ्याचे."

शेजारचे शेषराव बांधावरच बसलेले होते, तंबाखू मळत. प्रशांत त्यांच्याकडं धावला. "अहो काका, मी दोन वर्षं इथं येतोय, तुम्ही बोलला का नाही?"

"काय बोलायचं सायेब?" शेषराव अगदी प्रेमानं म्हणाले. "तुम्ही येता, झाडं लावता, पाणी देता, फोटो काढता, निघून जाता. आमच्या पोरान्ला कवाधरनं सांगूलालो झाडं लावा म्हणून, कोण आयकतंय? म्हणलं शिकेल माणूस हाय, कशाला आडवायचं!"

आत्या त्या दिवशी बांधावर बसून इतकी हसली की तिला उचकी लागली. मग म्हणाली, "ज्याला रान कुठं हाय ते ठावं नाय, त्याचा बाप सातबाऱ्यावर. आन मला डोळे बांधून सोडलं तरी मी इहिरीवर जाऊन उभी राहीन!"  मोजणीवाला साखळी गुंडाळायला लागला.

*

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आमच्याकडे एक पद्धत होती. पाडव्याला ठोका ठरला की काकू आतून एक साडी आणायच्या आणि आत्याच्या ओटीत घालायच्या. बहिणीचा मान म्हणून. आत्या साडी घ्यायची, भावाच्या पाया पडायची आणि निघायची. आम्हाला वाटायचं किती छान, किती प्रेमाचं घर आपलं!

आजोबा गेल्यानंतरच्या एकोणिसाव्या पाडव्याला ठोका ठरला. काकू उठल्या. आत्या म्हणाली, "वयनी, बसा जरा." तिनं सोबत आणलेली मोठी पिशवी उघडली आणि सोफ्यावर एक-एक साडी ठेवायला लागली. निळी, हिरवी, जांभळी, परत हिरवी. सगळ्या घडीच्या, एकीचीही घडी मोडलेली नाही. काहींवर दुकानाची चिठ्ठी तशीच.

"अठरा हायत," ती नानांना म्हणाली. "आजची धरून एकोणीस. मोजून घे दादा. आन माझं रान मला दे."

 नाना बोटांनी चष्म्याची काडी फिरवत बसले. मला वाटलं आता भांडण पेटणार. आणि पेटलं तर मला बाजू घ्यावी लागणार होती.

पण काकू पुढं झाल्या. त्यांनी ढिगातली एक साडी काढली, दुसरी काढली, पदर उलटून बघितले. मग हळूच म्हणाल्या, "अगं बाई. ह्यातल्या सहा तर मला लग्नांत आलेल्या. मीच तुम्हाला फिरवलेल्या."

"ठावं हाय मला," आत्या म्हणाली. "म्हणून तर घडी मोडली नाय. तुम्हाला परत देताना बऱ्या दिसाव्यात."

आणि मग त्या दोघी एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. नानांना काय करावं कळेना. ते म्हणाले, "कायदेशीर बघावं लागेल." मी म्हणालो, "नाना, बघितलंय मी. रोजच बघतो. होतं." इतक्या वर्षांत नानांसमोर मी पहिल्यांदा तोंड उघडलं आणि आवाज फुटला तो पण चिरकलेला. पण फुटला!

*

नाना हो म्हणाले नाहीत, नाही पण म्हणाले नाहीत. पंधरा-वीस दिवसांनी जयंती आली.

जयंतीला आमच्या कॉलनीतल्या विहारात नानांचं भाषण ठरलेलं असतं. विषयही ठरलेला, बापाच्या इस्टेटीत लेकीचा हक्क. नाना बोलतात फार छान, खोटं नाही सांगत. कायदा सांगतात, इतिहास सांगतात, शेवटी आवाज चढवतात आणि बायका टाळ्या वाजवतात. पहिल्या रांगेत आत्या. दरवर्षी ती पण टाळ्या वाजवायची.

भाषण संपवून नानांनी सवयीनं विचारलं, "कोणाला काही प्रश्न?" हा प्रश्न गेली कित्येक वर्षं ते विचारत होते आणि कोणी काही विचारत नव्हतं. त्या दिवशी पहिल्या रांगेतून हात वर आला.

माईक आत्याच्या हातात गेला. "जयभीम. मी कौसाबाई," ती म्हणाली. "भाषण लई चांगलं झालं. भाषण करणारा माझा सख्खा भाऊ हाय. दादा, एवढंच सांग, तू सांगितलेला हक्क कोणत्या खिडकीवर भेटतो?"

आधी मागच्या बायका हसल्या. मग पुढच्या. मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात! नाना स्टेजवर उभे. शेजारच्या अध्यक्षांना हळूच म्हणाले, "माईक बंद करा."

पण त्यांचा माईक चालू होता, त्यामुळं ते सगळ्या कॉलनीनं ऐकलं. मग नानांनी घसा साफ केला आणि मोठ्यानं सांगितलं, "पुढच्या आठवड्यात अर्ज करू." टाळ्यांत मी सगळ्यात जोरात होतो.

*

अर्ज मी स्वतः टाईप केला. उभ्या आयुष्यात इतक्या वेळा तपासून मी काही टाईप केलं नसेल. आत्या, नाना आणि मी गेलो तहसील ऑफिसात. तिथला कारकून भला माणूस. त्यानं आत्याचं आधारकार्ड बघितलं आणि म्हणाला, "मावशी, ह्याच्यावर नवऱ्याचं नाव आहे. तुम्ही मयत खातेदाराचीच मुलगी, ह्याचा पुरावा?"

आत्या म्हणाली, "पुरावा शेजारी बसलाय की. दोघांची नाकं बघा."

कारकुनानं नानांचं नाक बघितलं. आत्याचं बघितलं. आमच्या घराण्याचं नाक लपत नाही. तो म्हणाला, "पटलं मला. पण फॉर्मवर नाकाचा रकाना नाही ना मावशी!"

मग शाळेचा दाखला शोधायचा ठरला. आत्या चौथीपर्यंत शिकलेली. गावातल्या शाळेत गेलो तर हेडबाईंनी कपाटातून जुनं रजिस्टर काढलं, फडक्यानं पुसलं आणि पान सापडलं. आत्याचं नाव, पुढं आजोबांचं नाव. आत्यानं ते स्वतः वाचलं, एकेका अक्षरावर बोट ठेवून. हेडबाईंनी त्यावरून दाखला लिहून दिला.

दुसऱ्या दिवशी कारकून दाखला वाचत होता. वाचता वाचता थांबला. मग मोठ्यानं वाचला. "शाळा सोडल्याचं कारण: वडिलांच्या शेतात काम."

ऑफिसातले दोघे-तिघे वळून बघायला लागले. नाना खाली बघत होते. ते शाळेत होते म्हणून ती शेतात होती, हे त्यांनाही तिथंच पहिल्यांदा कळलं असावं. मला त्यांचा इतकी वर्षं राग यायचा, त्या दिवशी वाईट वाटलं.

"मावशी," कारकून म्हणाला, "लेक असल्याचा पुरावा मागितला होता. तुम्ही तर राबल्याचा पण आणला!"

*

राहिली नानांची सही. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र थोरल्यानं करायचं असतं. मी कागद तयार ठेवला. सोमवारी नानांचा चष्मा सापडेना. बुधवारी गुडघा दुखत होता. शुक्रवारी फोन केला तर म्हणाले, "आज नको. अमावस्या आहे."

मी फोनकडे बघतच राहिलो. ज्या माणसानं प्रशांतचं लग्न मुद्दाम अमावस्येला लावलं, पत्रिकेत तसं छापलं, त्यावर वेगळं भाषण ठोकलं, तो माणूस!

मी थेट गारखेड्याला गेलो. काकू चहा टाकत होत्या. म्हणाल्या, "मिलिंद, ह्यांची सही लवकर होऊ दे बाबा. मला पुढच्या महिन्यात जालन्याला जायचंय, आमच्या भावाकडं."

"त्याचं इथं काय?" नाना पेपरातून म्हणाले.

"कौसाबाईंचं झालं की तोच कागद भावाला दाखवते. आमच्या वडिलांचं पण रान आहे की बारा एकर. मी पण लेकच आहे त्या घरची."

नानांनी पेपर खाली ठेवला. बारा एकर म्हणजे काय हे त्यांना कळायला दोन घोट चहा लागला.

"मिलिंद," ते म्हणाले, "नोटरी किती वाजेपर्यंत असतो?"

"पण नाना, अमावस्या आहे ना?"

"तू हे सगळं मानतोस?" नाना शर्ट घालत म्हणाले. "आजच्या काळात?"

*

सही झाली. आता नोटीस लागते, कोणाची हरकत असेल तर पंधरा दिवसांत सांगा अशी. चौदा दिवस काही नाही. पंधराव्या दिवशी ऑफिसातून फोन, हरकत आलीय!

कोणाची? युनूसभाईंची!

नाना रिक्षात मला सारखे चिमटे काढत होते. "बघ! मी म्हणत नव्हतो? अकरा वर्षं सांगतोय मी, कूळ लागणार." आत्या दुसऱ्या बाजूला, माझा हात घट्ट धरून.  एवढं सगळं झालं आणि आता युनूसभाई? 

साहेबांसमोर युनूसभाई उभे. पांढरा झब्बा, डोळ्यांत सुरमा, पार ईदचे कपडे.

"बोला, काय हरकत आहे?" साहेबांनी विचारलं.

"साब, ये आपा का नाम तुम अब लगारें?" युनूसभाईंचा आवाज चढला. "मैं ग्यारा साल से इनकोच पूछ के पेरनी करा. इनकोच पूछ के काटा. तो इत्ते साल नाम कायकू नै था? मेरी येच हरकत है. लिखो!"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. बराच वेळ त्यांना हसू आवरेना. "भाई, ही हरकत होत नाही. ही तक्रार झाली. कोणाच्या विरुद्ध लिहू?"

युनूसभाईंनी नानांकडे बघितलं. मग माझ्याकडे. आम्ही दोघंही टेबलाच्या पायाकडे बघत होतो.

"छोडो साब," ते म्हणाले. "घर केच लोगां हैं."

*

नोंद मंजूर झाली. मी दुकानात सातबारा काढला. नानांचं नाव, माझं नाव आणि खाली कौसाबाई, पुढं आजोबांचं नाव. एक प्रत पुरे होती, मी अकरा काढल्या! समोरच्या चहावाल्याला एक दाखवली, मागच्या स्टेशनरीवाल्याला एक. त्यांना काय कळणार, पण मला राहवेना. गिऱ्हाईकं ताटकळत होती, राहू दिली.

रविवारी आम्ही सगळे आत्याच्या गावी गेलो. आत्याचे मालक जाऊन बरीच वर्षं झाली, तिथलं चार एकर रान तिचा मुलगा संदीप करतो. संदीप लई खूश. आईनं मामाशी लढून हक्क मिळवला म्हणून त्यानं गावभर पेढे वाटले. येईल त्याला सांगत होता, "आमची आई म्हणजे काय समजलात! लेकीचा हक्क कोणी बुडवूच शकत नाय आता!" आत्या नवं लुगडं नेसून ओसरीवर बसलेली. सातबारा प्लास्टिकच्या पिशवीत. ज्याला बघायचाय त्यानं आधी हात धुवायचे, अशी अट होती. नानांनीसुद्धा धुतले.

दुपारी तिची नणंद आली. गिरजाबाई, आत्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी. एकटीच, एसटीनं, हातात गुळाची ढेप. कुणीतरी सांगितलं म्हणून भेटायला आलेली. तिनं ढेप आत्याच्या हातात दिली, पेढा घेतला, हात धुतले आणि कागद मागितला.

तिला वाचता येत नाही. म्हणून माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, वयनीचं नाव कुठं हाय, दाव की."

मी बोट ठेवलं. मी बोट काढल्यावर तिनं तिथं आपलं ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

"लई चांगलं झालं वयनी," एवढंच ती म्हणाली. कागद नीट पिशवीत घातला आणि भिंतीला टेकून बसली.

आत्या तिच्याकडे बघत राहिली. मग संदीपकडे बघितलं. मग समोरच्या रानाकडे.

"मिल्या," ती म्हणाली, "ह्या आमच्या रानावर कोणाकोणाची नावं हायत रं?"

"तुझं आणि संदीपचं."

"आन गिरजाबाईचं?"

"नाही, आत्या."

संदीपचा पेढा तोंडापाशीच थांबला. "आये, त्ये आपण निवांत बसून, नंतर..."

आत्यानं त्याला हातानंच थांबवलं. पदर खोचून उठली, गिरजाबाईला चहा ठेवायला निघाली आणि दारातून मागं वळून मला म्हणाली,

"मिल्या, तुझं दुकान सकाळी किती वाजता उघडतं?"